पट्टीवरची प्रश्नचिन्हं आणि ग्रुपमधलं भांडण

ताई, नमस्कार.

मी उदगीरचा. वय २३, बीसीए झालंय. आमच्या काकांची मोंढ्यात आडत आहे. त्यांच्यासाठी मी पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून छोटं सॉफ्टवेअर केलं. शेतकऱ्याचं नाव, माल, वजन, भाव टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन हिशेबाची पट्टी छापून निघते. इंग्रजीत नावं होती तोवर नीट चाललं. काका म्हणाले, पट्टी मराठीत पाहिजे. मराठी केलं आणि नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायला लागली. नेमकी दसऱ्यानंतरची सोयाबीनची आवक. एक म्हातारे बाबा पट्टी घेऊन काकांना म्हणाले, "माझं नाव कुठं गेलं?" काका सगळ्यांसमोर मला बोलले.

त्या रात्री मी टेलिग्रामवरच्या एका मोठ्या प्रोग्रॅमिंग ग्रुपवर विचारलं. इंग्रजीत, मोठ्या लिपीत, 'अर्जंट, मराठी प्रॉब्लेम, पीएचपीमध्ये प्रश्नचिन्हं रिप्लेस कशी करायची, प्लीज हेल्प' असं लिहिलं आणि मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढून टाकला. तासभर कुणीच बोललं नाही. मग तेच तीनदा टाकलं, दोन सिनिअर लोकांना पर्सनलवर मेसेज केले. एकानं ग्रुपवर लिहिलं, 'आधी शोधून बघ, हे शंभर वेळा झालंय.' दुसऱ्यानं लिहिलं, 'पीएचपी सोड आणि आधी इंग्रजी शीक. गावठी लोकांनी ग्रुप भरलाय.' माझं डोकं फिरलं. मी दोघांनाही मराठीत वाट्टेल ते लिहिलं. रात्री दीडपर्यंत चाललं. सकाळी बघतो तर ॲडमिननं मला आठवडाभरासाठी म्यूट केलेलं.

माझं चुकलं का? माफी मागू का? मागितली तर त्या माणसाचं खरं झालं असं होतंय. मित्र म्हणतो, ग्रुप सोड, एआयला विचार, तो अपमान तरी करत नाही. मला काही सुचंना झालंय. आणि प्रश्नचिन्हं अजून तशीच आहेत.

— एक वाचक, उदगीर

प्रिय भाऊ,

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या म्हाताऱ्या बाबांचं बोलणं. पावसाळाभर राबून माल मोंढ्यात आणला, हातात पट्टी आली आणि तिच्यावर आपलं नाव नाही. काका बोलले ते त्यामुळंच. त्या रात्री तू कुठल्या अवस्थेत टाइप करत होतास ते मला समजतं. पण ग्रुपवरच्या लोकांना ते समजायला काही वाव नव्हता. मोंढा, आडत, आवक, काका, यातलं काहीच तू लिहिलं नाहीस. त्यांच्यापुढं आलं ते एवढंच: मोठ्या लिपीतलं 'अर्जंट' आणि स्क्रीनचा तिरका फोटो, तोही तीनदा.

चुकलं का, असं विचारतोस. चुकलं, पण तुला वाटतंय तिथं नाही. तू त्या दोन माणसांना एकाच दावणीला बांधलंस, ही तुझी खरी चूक. एकानं तुझ्या प्रश्नाबद्दल तक्रार केली, दुसऱ्यानं तुझ्या गावाबद्दल. पहिल्याचं बोलणं कोरडं होतं, खोटं नव्हतं. दुसऱ्याचा तो सरळ अपमान होता आणि त्याला कुठलीही सबब चालणार नाही. या दोन्हींना द्यायची उत्तरं वेगळी, ती देण्याच्या जागाही वेगळ्या. तू चिडलेल्या डोक्यानं दोघांना एकच उत्तर दिलंस, त्यामुळं सकाळी ॲडमिनला फक्त भांडण दिसलं आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज तुझा होता.

पहिल्या माणसाची बाजू मी जरा सविस्तर मांडते, कारण मी स्वतः त्याच्या जागी होते.

२००४च्या सुमाराला मी नांदेडच्या एका सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलवरच्या चर्चागटावर, प्रश्न विचारायची. एकदा मला एका ओळीचं उत्तर आलं, 'जुनी पत्रं चाळा.' मी घरी येऊन रडले होते. पुढं शिकले, नोकरी लागली आणि मीच दुसऱ्यांना उत्तरं द्यायला लागले. कामावरून आल्यावर, स्वयंपाक उरकून, रोज तासभर. त्याचे कुणी पैसे देत नव्हतं, आजही कुठल्याच ग्रुपवर देत नाही. तोच प्रश्न आठवड्यात पाच-सहा वेळा यायचा. एका रात्री बीडच्या एका मुलीनं काहीतरी विचारलं. एरर काय आला ते तिनं लिहिलंच नव्हतं. मी उत्तर दिलं, 'आधी मॅन्युअल वाचा.' एवढंच. ती पुन्हा कधी त्या लिस्टवर दिसली नाही. इतकी वर्षं झाली, ते माझ्या मनातून गेलेलं नाही. त्या तीन शब्दांत तिच्यावरचा राग नव्हता, दिवसभराचा शीण होता. तिला शीण कसा दिसणार? तिला शब्द दिसले.

म्हणून सांगते, पहिल्या माणसाच्या त्या ओळीत तुझ्याबद्दलचं मत शोधू नकोस. त्यानं तुझ्याकडं बघितलंच नव्हतं, प्रश्नाकडं बघितलं होतं. त्यानं दोन शब्द गोड लिहिले असते तर बरं झालं असतं, हे मी मान्य करते. मीही ते लिहायला हवे होते.

आपल्याच भागातली एक गोष्ट तुला ठाऊक असेल. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाई म्हणाली, काका, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती ते बघा. गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. भर मंडळीत! विठ्ठल ज्याच्याशी बोलतो त्या माणसाला! नामदेव गाऱ्हाणं घेऊन थेट विठ्ठलाकडं गेले आणि तिथून औंढ्याला विसोबा खेचरांकडं. कथेकरी इथून पुढं गुरूचा महिमा सांगतात. माझं लक्ष मात्र दरवेळी त्या थापटण्याकडं जातं. ते सगळ्यांच्या डोक्यावर सारखं बसलं. गोरोबांनी कुणाचं गाव विचारलं नाही, कुणाची बोली ऐकली नाही, मडकं वाजवून बघितलं. तुझा प्रश्न कच्चा होता असं म्हणणाऱ्याच्या हातात थापटणं होतं. 'गावठी' म्हणणाऱ्याच्या हातात दगड होता.

मग पक्का प्रश्न कसा लिहायचा? तुझाच घेऊ. तू विचारलंस, प्रश्नचिन्हं रिप्लेस कशी करायची. समजा, कुणी ते लगेच सांगितलं असतं, तर पट्टीवर नावाच्या जागी कोरी जागा आली असती. बाबांचं नाव तरीही आलं नसतं. रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला. आपण स्वतःच एक उपाय मनात धरतो, तो अडला की त्या उपायाबद्दल विचारत बसतो आणि मूळ दुखणं सांगतच नाही. प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपवर निम्मी खडाजंगी यातूनच सुरू होते, असं माझं मत आहे. उत्तर देणारा विचारतो, 'पण तुला हे कशाला करायचंय?' आणि विचारणाऱ्याला वाटतं हा आपली उलटतपासणी घेतोय.

त्याऐवजी असं लिहून बघ: 'पीएचपी ७.४, मायएसक्यूएल ५.६, शेअर्ड होस्टिंग. फॉर्ममधून मराठी नाव टाकलं की पट्टीवर प्रश्नचिन्हं छापून येतात. इंग्रजी नाव नीट येतं. पानाचं एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे. टेबलच्या कॉलमचा कॅरॅक्टर सेट लॅटिन१ दिसतोय. कनेक्शनचा कुठं बघायचा ते कळलं नाही. अमुक अमुक शोधून बघितलं, त्यातलं हे करून पाहिलं, फरक पडला नाही. टेबलची रचना आणि नाव साठवणाऱ्या दहा ओळी खाली देतो.' आकडे मी अंदाजानं घातलेत, तुझे तू घाल. कॅरॅक्टर सेट म्हणजे कुठली अक्षरं साठवता येतील आणि ती कशी, याचा तक्ता; यूटीएफ-८मध्ये मराठी बसते, लॅटिन१मध्ये नाही. कोड अक्षरांत टाक, फोटोत नको. फोटोतलं कुणाला कॉपी करून चालवून बघता येत नाही, आणि उद्या दुसऱ्या कुणाला हाच प्रश्न पडला तर त्याला शोधूनही सापडत नाही. पासवर्ड, काकांच्या गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर, बँकेचे खाते क्रमांक आधी काढून टाक. घाईत हे फार जणांकडून राहून जातं.

आणि गंमत बघ, असा प्रश्न लिहायला बसलास की कॉलमचा कॅरॅक्टर सेट लिहिण्यासाठी तुला टेबल उघडावं लागतं. उघडलं की तिथं 'लॅटिन१' दिसतं. ते दिसलं की पुढचं तू स्वतःच शोधू शकतोस. मी कित्येक प्रश्न अर्धे लिहून पुसून टाकलेत, कारण लिहिता लिहिता उत्तर सापडलं.

ग्रुपवर वागायचं कसं याचे नियम कुणी काल-परवा काढलेले नाहीत. १९९५च्या ऑक्टोबरमध्ये 'आरएफसी १८५५' या क्रमांकाची एक टिपणी प्रसिद्ध झाली, सगळी इंटरनेटवरच्या शिष्टाचाराबद्दल. त्या वेळी आपल्याकडं फोनची लाइन मिळायला वर्षं लागायची. त्या टिपणीत लिहिलंय की नव्या ठिकाणी काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. सगळं मोठ्या लिपीत लिहिलं तर ओरडल्यासारखं वाटतं. आणि भावनेच्या भरातलं उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या. तुला एक-दोन महिने थांबायला सवड नव्हती, आवक सुरू होती, हे खरं. पण ती एक रात्र थांबता आली असती. उत्तर लिहायचं असेल तर मोबाइलच्या नोट्समध्ये लिही, टेलिग्रामच्या चौकटीत नको. तिथं बोट चुकून पडतं, आणि रागात तर मुद्दामच पडतं.

आता एक गोष्ट जी इंग्रजी ग्रुपांवर उद्भवत नाही. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत प्रत्येक क्रियापद समोरच्याला कुठं बसवलंय ते सांगतं. 'सांग की', 'सांगा की', 'सांगाल का', तिन्हींत माहिती एकच मागितली आहे, पण समोरच्यानं उत्तर द्यायचं की नाही ते इथंच ठरतं. तू त्या रात्री जे लिहिलंस त्यात शिव्या किती होत्या ते तू सांगितलं नाहीस. पण मला वाटतं, त्यातल्या 'काय बोलायलास' आणि 'तुला लई येतंय काय'नंसुद्धा काम बिघडवलं असेल. उदगीरच्या चौकात हे शब्द मित्रामित्रांत सहज चालतात. पुण्या-मुंबईचा माणूस तेच वाचताना दचकतो. आपल्याकडं बोलण्यात धार असते आणि डोळ्यांत माया असते. टाइप केलं की धार तेवढी पोचते.

बोली सोड असं मी चुकूनही म्हणणार नाही. मी स्वतः सोडलेली नाही. पण अनोळखी माणसाला पहिल्या मेसेजपासून 'तुम्ही' म्हण, समोरचा सतरा वर्षांचा निघाला तरी काही बिघडत नाही. आणि सरसकट 'सर' म्हणू नकोस. मी वर्षानुवर्षं उत्तरं दिली आणि 'थँक्यू सर' ऐकत राहिले. उत्तर देणारी बाई असेल हे कुणाच्या मनातच येत नाही, ते मला आजही टोचतं. नाव दिसत असेल तर नावानं बोलाव, नसेल तर नुसतं 'तुम्ही' पुरतं.

इंग्रजीचं म्हणशील तर शीक, पण त्या माणसानं म्हटलं म्हणून नव्हे. मॅन्युअल इंग्रजीत आहेत, एरर इंग्रजीत येतात, म्हणून शीक. प्रश्न विचारायला छोटी छोटी वाक्यं पुरतात. चुकलेल्या व्याकरणाची सुरुवातीला माफी मागत बसू नकोस. जगभरच्या या ग्रुपांवर जपानी, ब्राझिलियन, रशियन सगळे मोडक्या इंग्रजीत विचारतात आणि त्यांना उत्तरं मिळतात, कारण खाली कोड दिलेला असतो.

आणि पीएचपी सोड म्हणतो, तर मराठी विकिपीडिया उघड. तो मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो आणि मीडियाविकी पीएचपीत लिहिलेलं आहे. तिथं 'उदगीर' नीट दिसतं. भाषा कुठली चांगली हे भांडण चहाच्या टपरीवर करायला ठीक आहे. अडलेल्या माणसानं त्यात उतरू नये, त्याची रात्र त्यात जाते.

आता माफी. 'मागितली तर त्याचं खरं झालं' असं तुला वाटतंय. इथं मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९९२च्या २९ जानेवारीला अँड्र्यू टॅनेनबॉम या ॲमस्टरडॅमच्या प्राध्यापकांनी मिनिक्स या त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चर्चागटात लिहिलं की लिनक्स कालबाह्य आहे. लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकणारा २२ वर्षांचा मुलगा होता, तुझ्याहून एका वर्षानं लहान. तो तडकला आणि त्यानं मिनिक्सबद्दल, प्राध्यापकांबद्दल फार कडवट लिहिलं. नंतर एका माणसानं त्याला पत्रातून मैत्रीच्या सुरात समजावलं की असं करत नसतात. टोरवाल्ड्सनं त्याच गटावर, सगळ्यांसमोर, आपण भलतंच तापलो असं कबूल करून प्राध्यापकांची माफी मागितली आणि समजावणाऱ्याचे आभार मानले. आपलं तांत्रिक म्हणणं मात्र त्यानं सोडलं नाही. माफी बोलण्याच्या पद्धतीबद्दल होती, म्हणण्याबद्दल नव्हती. लिनक्सचं पुढं काय झालं ते तुझ्या हातातला अँड्रॉइड फोन सांगेल, त्याच्या पोटात लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे.

त्या गोष्टीचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. ती कडवट बोलायची सवय गेली नाही. लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं लोकांना फाडून खात राहिला. २०१८च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे २६ वर्षांनी, त्याला पुन्हा जाहीर माफी मागावी लागली, काही आठवडे कामातून बाजूला व्हावं लागलं आणि त्याच सुमाराला त्या प्रकल्पानं वागणुकीचे लेखी नियम स्वीकारले. म्हणून मला तुझी काळजी वाटते ती एका रात्रीच्या भांडणाची नाही. तू हुशार आहेस, पुढं तुझं नाव होईल, आणि हुशार माणसाचं फाडून बोलणं लोक खपवून घेतात. ती सवय २३व्या वर्षी मोडणं सोपं आहे.

तर आठवडा संपला की त्याच ग्रुपवर चार ओळी लिही: 'मागच्या आठवड्यात मी इथं जी भाषा वापरली त्याबद्दल सगळ्यांची माफी मागतो. एकच प्रश्न तीनदा टाकला आणि न विचारता खासगी मेसेज केले, तेही करायला नको होतं. ज्यांनी शोधून बघायला सांगितलं त्यांचं बरोबर होतं. प्रश्न नीट लिहून पुन्हा टाकतोय.' एवढंच. काकांचं, आवकेचं, त्या दुसऱ्या माणसाचं यात काही आणू नकोस. 'पण' हा शब्द तर अजिबात नको. तू माफी मागतोयस ती ग्रुपमधल्या त्या शेकडो लोकांची, ज्यांच्या मोबाइलवर रात्रभर तुमचं भांडण वाजत होतं. गावचा असल्याची नाही, इंग्रजी कच्चं असल्याची नाही. यात त्याचं काहीच खरं होत नाही.

आधीचे मेसेज पुसू नकोस. तू पुसलेस तर खाली दुसऱ्यांची उत्तरं लोंबकळत राहतात आणि वाचणाऱ्याला वाटतं तू त्याहून वाईट काहीतरी लिहिलं असशील.

दुसऱ्या माणसाशी ग्रुपवर एक अक्षर बोलू नकोस. त्याचा मेसेज जसाच्या तसा ॲडमिनला खासगीत पाठव आणि शांतपणे विचार: 'माझी चूक मी मान्य केली. गावावरून आणि भाषेवरून बोलणं या ग्रुपवर चालतं का?' हा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही. त्या ग्रुपवर अहमदपूरची, किनवटची, परतूरची कितीतरी पोरं गप्प बसून वाचत असतील. त्यांनी तो मेसेज वाचलाय आणि प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलंय. ॲडमिननं त्या माणसाला समज दिली तर चांगलं. 'दोघांचंही चुकलं, सोडून द्या' म्हणाला तर मात्र तो ग्रुप तुझ्या कामाचा नाही. निरोपाचं भाषण न करता बाहेर पड. दुसरे ग्रुप आहेत, आणि लातूर-नांदेडकडच्या चार-पाच पोरांनी मिळून एक मराठी ग्रुप चालवणं काही अवघड नाही. पहिला नियम एकच ठेवा, विचारणाऱ्याच्या गावावर बोलायचं नाही.

एआयचं थोडक्यात सांगते. विचार, जरूर विचार, रात्री दोनला विचारायला तो बरा आहे. पण तो ठामपणे चुकीचंही सांगतो, आणि ते चुकीचं आहे हे तुझ्या डेटाबेसवर चालवल्यावर कळतं. त्याचं उत्तर स्वतः न पडताळता ग्रुपवर तर कधीच चिकटवू नकोस. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानं २०२२च्या डिसेंबरमध्येच अशा उत्तरांवर बंदी घातली, कारण दिसायला बरोबर आणि असायला चुकीची उत्तरं ढिगानं यायला लागली होती. आणि तो अपमान करत नाही हे खरं असलं तरी तुझ्या टेबलची रचना बघून 'थांबा, आधी हे सांगा' म्हणणारा अनुभवी माणूस त्याच्या जागी मिळत नाही. बीडच्या त्या मुलीला मी तेवढं म्हणायला हवं होतं.

आता प्रश्नचिन्हं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं. 'उदगीर' लिहिलं तर उ, द, ग, वेलांटी, र अशी ५ चिन्हं, १५ बाइट. लॅटिन१ कॅरॅक्टर सेटमध्ये ही अक्षरं मुळात नाहीतच, त्यामुळं तिथं घुसवलं की जुनं मायएसक्यूएल प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मोकळं होतं. नव्या आवृत्त्या अशा वेळी सहसा एरर देऊन थांबतात, म्हणून तुझं होस्टिंग जुनं असावं. २०१८ला आलेल्या मायएसक्यूएल ८.० आवृत्तीपासून यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) आपोआप असतो, त्याआधी लॅटिन१ असायचा. तू काही वेडेपणा केलेला नाहीस, या खड्ड्यात माझ्या पिढीतले पुष्कळ जण पडलेत.

आधी डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घे. मग त्या कॉलमवर हेक्स फंक्शन चालवून बघ, ते साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवतं. उत्तरात नुसते ३एफ, ३एफ, ३एफ, म्हणजे प्रश्नचिन्हाचाच कोड, दिसले तर साठवतानाच अक्षरं गेली, ती कुठल्याही युक्तीनं परत येणार नाहीत. पण ई०ए४, ई०ए५ असं, म्हणजे देवनागरीचे बाइट, दिसलं तर अक्षरं शाबूत आहेत, फक्त वाचताना गडबड होतेय. तसं असेल आणि कॉलम लॅटिन१ असेल तर थेट कॅरॅक्टर सेट बदलू नकोस, अक्षरं दुहेरी बिघडतील. आधी कॉलम बायनरी प्रकारात (जिथं नुसते बाइट साठतात, लिपी बघितली जात नाही) ने आणि तिथून यूटीएफ८एमबी४ला. नुसता 'यूटीएफ८' निवडू नकोस, मायएसक्यूएलमध्ये त्यात एका चिन्हाला ३ बाइटच मावतात. मराठी बसेल, पण कुणी नावापुढं इमोजी टाकला की पुन्हा अडशील. शेवटी पीएचपीत कनेक्शन उघडल्याबरोबर त्याचा कॅरॅक्टर सेटही यूटीएफ८एमबी४ कर. हे चाललं की काय केलंस ते ग्रुपवर तुझ्याच प्रश्नाखाली लिही, पुढच्या पोराला शोधल्यावर सापडू दे.

३एफच निघाले तर काकांची वही घेऊन बस. दसऱ्यापासूनच्या पट्ट्यांची नावं तीत असतीलच, एकेक टाइप कर, एक-दोन रात्री जातील. त्या बाबांची पट्टी सगळ्यात आधी छाप आणि तू स्वतः नेऊन दे.

तुझी,
ताई